आत वळवलेला चिरा

रघुनाथ गोताड हे नाव फक्त रेशनकार्डावर. बाकी सगळ्या पंचक्रोशीत तो रघू गवंडी. वय छप्पन्न, अंगाने काटक, उजव्या हाताची दोन बोटं चुन्याने खाऊन कायमची पांढुरकी झालेली. चिऱ्याचं काम त्याला बापाकडून आलं. जांभ्या दगडाचा चिरा नुसता हातात घेतला की तो कुठल्या खाणीतला, वरच्या थरातला की खालच्या, हे तो सांगायचा, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. जुन्या घराला काही जोडायचं असलं की लोक त्यालाच शोधत यायचे. नवी भिंत तो जुनीला अशी भिडवायचा की सांधा कुठे आहे ते दाखवायलाही त्यालाच बोलवावं लागे. या गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि तो लपवण्याची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

म्हणूनच ज्ञानेश्वरी बाईंनी त्याला शहरात, मांडवीला बोलावून घेतलं. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या आजेसासऱ्यांनी १९३१ साली बांधलेलं घर रस्त्याला लागूनच होतं. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या सगळ्या माडीवर. दिवाळीत बाईंच्या यजमानांना, हरिश्चंद्ररावांना, अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ते माजघरात पडद्याआड पडून होते. जिना असा उभा की धडधाकट माणसानेही कठडा धरून चढावा. खाली एक खोली काढायची, तिलाच न्हाणीघर जोडायचं, असं ठरलं. पण जागा होती ती नेमकी रस्त्याच्या अंगाला.

"रघुनाथ, खोली कोणीही बांधून देईल," बाई म्हणाल्या. "पण हे घर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. ठिगळ लावल्यासारखं दिसलं, तर मला जन्मभर त्याच्याकडे बघत बसावं लागेल."

रघूने भिंतीवर तळहात फिरवला. हाताने तासलेले, नव्वद वर्षं वारा खाऊन काळपट तांबडे झालेले चिरे. प्रत्येकाच्या तोंडावर हत्याराचे तिरपे घाव.

"सांधा दिसला तर पाडून परत बांधीन बाई," तो म्हणाला.

बोलून तर बसला. पण काम वाटलं होतं त्याहून कठीण निघालं. हल्ली चिरेखाणीत सगळा माल यंत्राने कापतात. चिऱ्याच्या अंगावर पात्याच्या गोल रेघा उठतात. रंग पिवळट नारिंगी, जसा काही कालच जन्माला आलाय. तेही चाललं असतं. शेणाचं पाणी, वरून काजळी, दोन महिने ऊन, असं करून रंग जुना दाखवता येतो. खरी अडचण मापाची. जुना चिरा आजच्यापेक्षा बोटभर लांब आणि दोन बोटं उंच. नवे चिरे रचत गेलं की तिसऱ्या थरालाच जुन्या भिंतीची रेघ एकीकडे आणि नवीची दुसरीकडे. बांधकामातलं काही न कळणारा माणूससुद्धा म्हणेल, इथे काहीतरी चुकलंय.

रघूने आतल्या बाजूला नवा माल वापरायचं ठरवलं. रस्त्याकडच्या तोंडाला तरी जुनेच चिरे हवे होते. बंदराकडे एक जुनं गोदाम पाडत होते, तिथून थोडे मिळाले. पुढे काम अडलं. अजून सव्वाशे तरी लागणार होते. त्याने पार पावस गावापासून पालीपर्यंत विचारून पाहिलं. जुन्या चिऱ्याला आता भलताच मान आलाय, रिसॉर्टवाले आधीच सांगून ठेवतात. कुठे पाच, कुठे दहा, तेही कोपरे उडालेले.

बाई घाई करत नव्हत्या. रोज सकाळी फक्त एवढंच विचारायच्या, "आज काही कळलं?" आणि पडद्याआडून हरिश्चंद्ररावांच्या खोकल्याचा आवाज यायचा. गाव म्हणत होतं की चिऱ्याला चिरा जुळवावा तर रघूनेच, आणि रघू मात्र रोज मान हलवून नाही म्हणत होता. ते नाही म्हणणं त्याला फार जड जायचं.

रघूचं गाव तळेकोंड, शहरापासून तासाभराच्या अंतरावर. त्याच्या वाडीतून एसटीच्या थांब्याकडे जायची पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी बौद्धवाडीच्या कडेने उतरते. त्या वाडीच्या तोंडाशीच जाईबाई कांबळ्यांचं घर होतं. होतं म्हणायचं ते एवढ्यासाठी, की आता नुसतं जोतं आणि त्यावर कमरेइतकी भिंत उरली होती. नवरा गेल्यावर जाईबाई मुलाकडे, प्रथमेशकडे, विक्रोळीला गेल्या, त्याला अठरा वर्षं झाली. तौक्ते वादळात छप्पर उडालं, वरच्या मातीच्या भिंती विरघळल्या. चिरे मात्र जसेच्या तसे उभे होते.

त्या पाखाडीने रघू हजारो वेळा गेला असेल. त्या दिवशी मात्र तो जोत्याशी थांबला, वाकला, आणि वीत लावून पाहिली. बोटभर लांब. दोन बोटं उंच.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पण तिसऱ्या दिवशी त्याचं ठरलं. पडीकच तर आहे. अठरा वर्षांत कोण फिरकलंय? झाडं वाढून उद्या मुळंच ते जोतं फोडणार. आपण काही विकणार नाही, बाईंकडून चिऱ्याचा एक रुपया घेणार नाही, मग त्याला चोरी कोण म्हणेल? एका आजारी माणसाच्या खोलीला लागतील. असं सगळं त्याने मनाशी नीट रचलं, ओळंब्यात बसवलं. प्रथमेशला फोन करावा हे काही त्यात आलं नाही. नंबर मिळवणं काही अवघड नव्हतं, वाडीतल्या अंगणवाडीच्या सेविकेकडे तो होता. पण फोन करणं म्हणजे विचारणं. आणि विचारलं की समोरचा नाहीही म्हणू शकतो.

मंगळवारी सकाळी दहाला तो टेम्पोवाला दीपक आणि आपल्याच वयाचा जोडीदार बाबल्या यांना घेऊन तिथे पोहोचला. लपूनछपून काही नाही. पहारी घातल्या आणि चिरे मोकळे करायला लागले. आवाज ऐकून अंगणवाडीतून सेविका आम्रपाली बाहेर आली.

"रघूकाका, हे कुणी सांगितलं न्यायला?"

"प्रथमेशशी बोलणं झालंय माझं."

किती सहज निघालं ते तोंडातून. आम्रपालीचा चेहरा एकदम उजळला.

"हो का? म्हणजे जुनं काढून घर बांधतायत! जाईआजी किती वर्षं म्हणत होती. बरं झालं बाई." तिने अंगणातली पोरं आत घेतली, दगड कुणाच्या पायावर पडायला नको म्हणून. मग तांब्या घेऊन आली. "ऊन झालंय काका, पाणी घ्या."

"नको, आमचं आहे बरोबर," रघू म्हणाला. टेम्पोत पाण्याची बाटली होती, पण ती रिकामी झाली होती.

दुपार कलता कलता बाबल्याने हाक मारली. रस्त्याकडच्या कोपऱ्यातला चिरा निघाला होता. सगळ्यांत मोठा, चारही कडा सरळ. त्याच्या तोंडावर अक्षरं होती. एकसारखी नव्हती ती, कुठे खोल, कुठे उथळ: भागुराम धर्मा, १९६२.

भागुराम म्हणजे जाईबाईंचे सासरे. त्यांची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. ते चिरेखाणीत काम करत. आठवडाभर काढलेले चिरे खाणवाल्याचे, सुट्टीच्या दिवशी काढलेले आपले, असं बोलणं करून घेऊन त्यांनी सहा वर्षं एकेक चिरा डोक्यावरून घरी आणला. बौद्धवाडीतलं पहिलं चिऱ्याचं जोतं ते. धम्म घेतल्यानंतर प्रौढांच्या वर्गात जाऊन ते अक्षरं शिकले, आणि पहिल्यांदा कुठे लिहिली असतील तर त्या चिऱ्यावर. रघूच्या बापानेच रघूला हे सांगितलं होतं, आणि सांगताना म्हणाला होता, माणूस कामाला चोख होता.

"ह्याचं काय करायचं रे?" बाबल्याने विचारलं.

रघूने अक्षरांकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं.

"उलटा ठेव," तो म्हणाला.

पुढे आठ दिवसांत भिंत उभी राहिली. असं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. प्रत्येक थर जुन्या थराला रेघेत जाऊन मिळाला. तो कोरलेला चिरा त्याने नव्या खोलीच्या कोपऱ्याला, तिसऱ्या थरात घातला. तसा कोपऱ्याचा चिरा दुसरा मिळणं शक्य नव्हतं. अक्षरांची बाजू आत वळवली आणि वरून स्वतःच्या हाताने गिलावा केला. गिलावा बाबल्याचं काम, पण त्या कोपऱ्याला त्याने बाबल्याला हात लावू दिला नाही.

लोक बघायला यायला लागले. एक तरुण आर्किटेक्ट येऊन फोटो काढून गेला. शेजारचे रस्त्यात उभं राहून सांधा शोधायचे आणि पैजा हरायचे. हरिश्चंद्ररावांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं, तेव्हा त्यांनी चांगला हात पुढे करून भिंतीला लावला. जीभ जड झालेली, शब्द एकेक करून यायचे.

"कळत... नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी रघूच्या हातात चहाचा कप दिला. "रघुनाथ, तुम्ही दिलेला शब्द पाळलात. चिऱ्याचं काही घेतही नाही म्हणता. आजच्या काळात असं कोण करतं?"

रघूने कप तसाच खाली ठेवला. तो भिंतीकडे पाठ करून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी आपलं काम बघू नये असं वाटत होतं.

मे महिन्यात आम्रपालीने सहज प्रथमेशला फोन केला. घराचं काम कधी सुरू करताय, वाडीत सगळे विचारतायत, एवढंच तिला विचारायचं होतं. चारच दिवसांनी मायलेक तळेकोंडात हजर झाले.

रघूला निरोप आला तोही आम्रपालीकडूनच. "जाईआजी आलीय. जोत्याशी बोलावलंय तुम्हाला." नेहमी काका म्हणणारी पोरगी, त्या दिवशी काका म्हणाली नाही.

चिमा, रघूची बायको, अंगणात कैऱ्यांची आंबोशी वाळत घालत होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती उठली. "कशाला बोलावलंय जाईकाकीनी तुमाला?"

रघूने सगळंच सांगितलं.

चिमाने हातातलं सूप खाली ठेवलं. "मला सांगितलंत गोदामाचे चिरे. अवो, आमी बाया पाणी आणायला जातो तेव्हा आम्रपाली हसून बोलायची माझ्याशी. जाईआजी घर बांधत्येय म्हणायची. मी पण हसत होते तिच्याबरोबर." तिने पाखाडीकडे बोट केलं. "जा आता. उभे काय राहिलात?"

पाखाडी दोन मिनिटांची. रघूला ती संपूच नये असं वाटलं. खाली जोतं होतं तिथे आता लाल मातीचा खड्डा होता, कडेला तुटके चिरे विखुरलेले. अंगणवाडीतली प्लास्टिकची खुर्ची टाकून जाईबाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पांढरी साडी, हातात औषधांची पिशवी. प्रथमेश उभा होता. वाडीतली चार माणसं लांब उभी होती.

"काकी," रघू म्हणाला, "मला वाटलं, पडीक आहे, कोण येणार..."

"बस तरी," जाईबाई म्हणाल्या.

बसायला काहीच नव्हतं. रघू उभाच राहिला.

"पडीक," त्या हळूच म्हणाल्या. "रघू, तुमच्या वाडीत सखारामाचं घर पडून किती वर्षं झाली रे?"

"दहा-बारा."

"नि गावकरांचं जुनं घर? नि तो महादू सुरतेला गेला त्याचं?"

रघूने मान खाली घातली.

"तीन घरं. तिन्ही चिऱ्याची. तुझ्या दाराहून दिसतात. त्यातला एक तरी चिरा हलवलास?"

"नाय काकी."

"का नाय हलवलास?"

रागाने नव्हतं विचारलं. मुलाला गणित विचारावं तसं विचारलं, आणि रघूला वाईट वाटलं ते त्यामुळेच. कारण उत्तर त्याच्याकडे होतं. सखारामाच्या जोत्याला पहार लावायची हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिकडे आधी विचारावं लागतं, भाऊबंद बसवावे लागतात, नारळ द्यावा लागतो. इकडे तसं काही करावं लागतं हे त्याला सुचलंच नव्हतं. ठरवून केलं असतं तर निदान वाईट वागलो म्हणता आलं असतं. हे त्याहून वाईट होतं. छप्पन्न वर्षं तो या वाडीच्या कडेने जात होता, आणि आत राहणारी माणसं मालक असतात हे त्याच्या डोक्यातच कुठे नव्हतं. कानापर्यंत त्याचं तोंड तापलं. लांब उभी असलेली चार माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यांनाही उत्तर माहीत होतं.

"बोला ना," प्रथमेश म्हणाला. "माझ्याशी बोलणं झालं होतं ना तुमचं? मग आता बोला."

रघूने पायाजवळचा तुटका चिरा उचलून कडेला ठेवला.

"तू फोन केला असतास," जाईबाई म्हणाल्या, "तर मी दिले असते. आजाऱ्याच्या खोलीला म्हटल्यावर नाय कोण म्हणेल? तेवढाच सासऱ्यांच्या हाताचा दगड कुणाच्या तरी कामाला आला असता." त्या थांबल्या. "नावाचा चिरा कुठाय?"

"भिंतीत हाय."

"नाव दिसतं?"

"नाय. आत वळवलाय."

जाईबाईंनी डोळे मिटले. प्रथमेश दोन पावलं पुढे आला. "आई, आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ."

"तू काय करायचं ते कर. मला तो चिरा हवाय. बाकीचे राहूदेत. तेवढा आणून दे रघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी रघू मांडवीला गेला तेव्हा ज्ञानेश्वरी बाई हरिश्चंद्ररावांना पेज भरवत होत्या. नव्या खोलीतला पंखा हळू फिरत होता. दारात उभं राहूनच त्याने सगळं सांगितलं. मध्ये एकदा त्याला वाटलं की थोडं कमी सांगावं, आम्रपालीशी खोटं बोललो ते गाळावं. ते त्याने गाळलं नाही.

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"म्हणजे या खोलीत," त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या उशाशी, एका माणसाचं नाव तुम्ही भिंतीत पुरून ठेवलंत."

"व्हय बाई."

"आणि मी सगळ्यांना फोटो पाठवत सुटले." त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला एकट्याला बोलून काय उपयोग. एवढे चिरे कुठून आणले हे मी एकदाही विचारलं नाही. फुकट म्हणालात तेव्हा तरी विचारायला हवं होतं. मला हवे होते ना, म्हणून नाही विचारलं."

त्यांनी रागावून घालवून दिलं असतं तर रघूला बरं वाटलं असतं.

हरिश्चंद्ररावांची खाट दोघांनी ओटीवर नेली. रघूने लोखंडी टेकू लावून वरचे थर धरले आणि आतून गिलावा फोडायला सुरुवात केली. आपल्याच हाताने इतका घट्ट केलेला गिलावा, निघता निघेना. दुपारी चिरा मोकळा झाला. अक्षरांत सिमेंट भरलं होतं. तो अंगणात बसून खिळ्याने ते कोरून काढायला लागला. 'भा' निघाला, 'गु' निघाला. 'राम' मधला काना जरा ढलपला होता. तो पहारीने ढलपला की गिलावा फोडताना, ते त्याला कळेना. पण आपल्याकडूनच झालं एवढं कळत होतं. त्याने खिळा खाली ठेवला, मग परत उचलून उरलेली अक्षरं मोकळी केली.

मोकळ्या झालेल्या जागेत काय घालायचं हे विचारायला तो बाईंकडे गेला.

"खाणीतला नवा घाला," बाई म्हणाल्या. "तासू नका, रंगवू नका. असू दे तसाच."

"बाई, रस्त्यावरून दिसेल."

"दिसू दे."

चिरा पोचवायला बाई स्वतः निघाल्या. शेजारणीला हरिश्चंद्ररावांजवळ बसवून त्या दीपकच्या टेम्पोत पुढे बसल्या. तळेकोंडात उतरून त्या जाईबाईंसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळी भिंत उतरवून तुमचे चिरे परत देते. चार दिवस द्या मला."

जाईबाई चिऱ्याजवळ बसल्या होत्या. अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. ढलपलेल्या कान्याशी बोट थांबलं, पण त्या त्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत.

"तुमचे मालक कुठे झोपतील मग?" त्यांनी विचारलं.

बाईंनी जोडलेले हात खाली घेतले.

"राहूदेत," जाईबाई म्हणाल्या. "माझं घर पडलंय, तुमचं कशाला पाडू?"

पण प्रथमेशला हे पटलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. "आई तुम्हाला सोडेल," तो रघूला म्हणाला, "पण ही गोष्ट इथे जोत्याशी मिटायची नाही. गावाने ऐकली पाहिजे. तुमच्या तोंडून."

रविवारी शाळेच्या वर्गात गाव बसलं. रघूच्या वाडीतली माणसं एका बाजूला, बौद्धवाडीतली दुसऱ्या. रघूने तोंड उघडायच्या आधीच त्याचा चुलतभाऊ गुरुप्रसाद उठला. "पडके चिरे ते. रघू भरून देईल की. मग एवढं ताणायचं कशाला? मुंबईहून यायचं नि गावात भांडणं लावायची." मागून दोघातिघांनी दुजोरा दिला. रघू चांगला माणूस आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं कुणी म्हणालं.

आपली माणसं आपली बाजू घेत होती, आणि रघूला बाकावर बसवेना. तो उठला.

"गुरू, बस खाली," तो म्हणाला. "मी विचारलं नाय. खोटं बोललो. आम्रपालीला सांगितलं, बोलणं झालंय. काही झालं नव्हतं." मग पुढचं त्याला जमिनीकडे बघून बोलावं लागलं. "आपल्या वाडीतलं घर असतं तर मी विचारलं असतं. ह्यांचं होतं म्हणून नाय विचारलं. नि भागुरामाचं नाव बघितलं नि आत वळवलं."

आम्रपाली खिडकीशी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

गुरुप्रसाद त्यानंतर रघूशी बोलेनासा झाला. गणपतीतही आरतीला हाक मारली नाही. सगळ्या वाडीला खाली बघायला लावलंस, असं तो चिमाला म्हणाला. चिमाने घरी येऊन ते सांगितलं आणि वर म्हणाली, "बघू देत की जरा."

पोलिसात तक्रार झाली नाही. रघूने घर बांधून देण्याची तयारी दाखवली, मजुरी न घेता. प्रथमेशने तोंडावर नकार दिला. "फुकटची कामं आमच्या घराण्याने भरपूर केलीयत. आता ना करायची, ना घ्यायची." त्याने देवरुखकडचा दुसरा गवंडी आणला. रघूला एवढंच दिलं: जेवढे चिरे नेले, तेवढे भरून जोतं होतं तसं करायचं.

ते काम रघूने पाऊस उघडल्यावर एकट्याने केलं. बाबल्याला बोलावलं नाही. नवे, नारिंगी, यंत्राच्या रेघांचे चिरे. राहिलेल्या जुन्या चिऱ्यांत ते बसेनात. त्याने शेणाचं पाणी लावून ते जुन्यासारखे करू का म्हणून विचारलं, तेव्हा जाईबाई नको म्हणाल्या. प्रथमेश रजा काढून आला होता, तो प्रत्येक थराला पट्टी लावून बघायचा. एक थर सुताएवढा वाकडा निघाला, तर त्याने तो काढायला लावला. तीस वर्षांत रघूचा थर कुणी काढायला लावला नव्हता. त्याने मुकाट काढला आणि परत लावला. नावाचा चिरा मात्र प्रथमेशने त्याला लावू दिला नाही. तो देवरुखच्या गवंड्याने बसवला, अक्षरं रस्त्याकडे करून, आणि रघू बाजूला उभा राहून बघत होता.

आता ते घर झालंय. दोन खोल्या, पुढे पडवी. जाईबाई मुंबईला परत गेल्या नाहीत. सकाळी पडवीत बसून तांदूळ निवडतात. रघू कामाला जाताना दिसला तर कधीकधी हाक मारतात. "रघू, थांबतोस? चहा ठेवते."

काही दिवशी तो थांबतो. पायरीवर बसून चहा पितो, पावसापाण्याचं बोलतो, कप विसळून ठेवतो. आणि काही दिवशी त्या पडवीत बसलेल्या लांबूनच दिसल्या, की तो पाखाडी सोडतो, हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन खालच्या मळ्यात उतरतो आणि बांधाबांधाने लांबून थांब्यावर जातो. त्या वाटेने जायला वीस मिनिटं जास्त लागतात, आणि पहिली एसटी बहुतेक वेळा चुकते.